साडेतीनशे रुपयांचा पाव

धर्मशास्त्रात सांगितलेली मोठी पापं करायला मध्यमवर्गीय माणसाला सवड नसते आणि ऐपत तर नसतेच. सुवर्णाची चोरी करावी म्हटलं, तर सराफाच्या दुकानाची पायरी चढतानाच छातीत धडधडतं. गुरुपत्नीची अभिलाषा धरावी म्हटलं, तर आमच्या गुरुपत्नी 'आधी पाय धुऊन या मेल्यांनो' यापलीकडे आमच्याशी काही बोलल्याचं आठवत नाही. तेव्हा या माणसानं स्वतःच्या बेताचं, घरच्या घरी करता येण्यासारखं एक पाप शोधून काढलं आहे. ते म्हणजे महाग वस्तू घेणं.

'महाग' हे विशेषण आमच्याकडे वस्तूला लावत नाहीत, ती घेणाऱ्याला लावतात. शेजारच्या अमक्यानं चार हजारांची चप्पल घेतली हे सांगताना आवाज जितका खाली जातो, तितका त्यानं दुसरं लग्न केलं हे सांगतानाही जात नाही. घरात नवी वस्तू आली की पहिला प्रश्न 'कशी आहे?' हा नसतो. 'केवढ्याला पडली?' हा असतो. आणि वडीलधाऱ्यांना खरी किंमत सांगायची नाही हा तर आमच्या घरातला सत्यनारायणाइतका जुना नेम. वीस टक्के मी माझ्या वडिलांना कमी सांगत असे, आणि ते आजोबांना कमी सांगत असत असं मागाहून कळलं. उलट, मंडईत वीसची जुडी पंधराला मिळवलेला माणूस शनिपारापर्यंत भेटेल त्याला जुडी दाखवत येतो. त्या जुडीवाल्या बाईचे पाच रुपये कुठं गेले हा प्रश्न त्याला पडत नाही. कारण स्वस्तात घेणं हे पुण्य, आणि पुण्याचा हिशेब कुणी मागत नाही.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की मी अलीकडे एक पाव साडेतीनशे रुपयांना घेतला.

एक पाव. पावच जर साडेतीनशेला, तर अख्खा चौदाशेला पडला असता, हा विनोद आमच्या कट्ट्यावर चार जणांनी चार वेळा केला आहे. तो वाचकांनी पुन्हा करू नये.

हौस म्हणून मी तिथं गेलो नव्हतो. मला पाठवण्यात आलं होतं. निवृत्त माणूस हा घराण्याचा फिरता वकील असतो. कुणाचं लग्न मोडायचं असो की जुळवायचं असो, 'तुम्हाला काय, वेळच वेळ आहे' म्हणून त्याला गाडीत बसवून देतात. माझ्या धाकट्या भावाची मुलगी कंप्युटर इंजिनियर. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत चार वर्षं होती. पगार असा, की बंधुराजांनी आकडा कधी सांगितला नाही, नुसता सूचित केला. या मुलीनं एक दिवस राजीनामा दिला आणि कोरेगाव पार्कातल्या एका बेकरीत पाव भाजायला लागली. बंधुराजांनी ही बातमी ज्या आवाजात मला फोनवर सांगितली, त्या आवाजावरून मी आधी 'कितीला नेणार?' असंच विचारणार होतो.

"दादा, सात पिढ्यांत आपल्याकडे कुणी भट्टीपुढं उभं राहिलं नाही रे."

"चुलीपुढं मात्र सातही पिढ्या बसल्या," असं आमची भावजय मागून म्हणाली. पण तो फोनबाहेरचा आवाज असल्यामुळे कामकाजात नोंदला गेला नाही.

"तू जा आणि तिला समज दे. माझं ती ऐकत नाही. आणि मी तिच्याशी बोलतही नाही," असा एकूण वकालतनामा होता.

निघालो. मंडईला मेट्रोत बसलो. जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली. ज्या कामाला निघालो होतो त्याला स्थानकाचं नावही शोभण्यासारखंच होतं. बंडगार्डनला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला बेकरीचं नाव सांगितलं तेव्हा त्यानं आधी मला वर-खाली पाहिलं आणि मग मीटर टाकलं.

बेकरीचं आम्हा पुणेकरांना वावडं आहे असं कुणी समजू नये. ईस्ट स्ट्रीटवर १९५५ सालापासून चालू असलेल्या कयानीपुढं श्रूजबरी बिस्किटांसाठी आम्ही पिढ्यान् पिढ्या रांगेत उभे राहिलो आहोत. पण तिथं पाटी मोठी आणि माल काचेआड, असा सरळ व्यवहार. इथं पाटी एवढी बारीक, की ती ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच लावलेली असावी. आत भिंतींना गिलावा नव्हता. आमच्या घराच्या गिलाव्यासाठी मी पतपेढीचं कर्ज काढलं होतं आणि सात वर्षं फेडलं होतं. इथं विटा उघड्या ठेवल्याबद्दल गिऱ्हाइकांकडून पैसे घेत होते. दिवे वायरीला लोंबत होते. मांजरपाटाचं एप्रन घातलेला एक दाढीवाला तरुण मला 'सर' म्हणाला. मी घाबरून खिशावर हात ठेवला.

फळ्यावर पावांची नावं खडूनं लिहिली होती. पहिलंच नाव 'सावरडो'. हे चिपळूणजवळच्या सावर्ड्याहून येत असावेत अशी माझी प्रामाणिक समजूत झाली आणि जरा घरच्यासारखं वाटलं. चौकशी करता कळलं, की हा शब्द इंग्रजी असून त्याचा अर्थ आंबट कणीक असा आहे. त्याखाली नाचणीचा सावरडो, ज्वारीचा सावरडो, बिटाचा सावरडो आणि एक कोळशाचा. अगदी काळाकुट्ट पाव, आणि काळा करण्याचे वीस रुपये जास्त. आमच्याकडे पोळी करपली तर दोन दिवस अबोला असतो.

काचेच्या कपाटात 'ब्रिओश' नावाचा एक लोणीदार, तुकतुकीत गोळा होता. त्याला पाहून मला फार दिवसांनी इतिहासातली एक गंमत आठवली. भाकरी नसेल तर रयतेनं केक खावा, असं मारी आंत्वानेत म्हणाली म्हणून आपण शाळेत शिकलो. मूळ फ्रेंचमध्ये केक नाही. हा ब्रिओश आहे. आणि तो रूसोनं आपल्या आत्मचरित्रात कुणा एका थोर राजकन्येच्या तोंडी घातला, तेव्हा मारी आंत्वानेत ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची पोर असून ती व्हिएन्नात होती. म्हणजे बिचारीनं न बोललेल्या वाक्याबद्दल वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली. तरी लोकांनी ते वाक्य सोडलं नाही, कारण महाग पाव खाणारा माणूस वाईटच असणार ही खात्री पॅरिसपासून पेठांपर्यंत सारखीच आहे.

पुतणी आत भट्टीवर होती, वीस मिनिटांनी येईल असं कळलं. तोवर कॉफी घ्या, म्हणाले. कॉफीची यादी पावांपेक्षा लांब. 'अफोगाटो' म्हणजे इटालियनमध्ये 'बुडालेला', असं दाढीवाल्यानं सांगितलं. किंमत पाहून बुडालेला कोण हे लक्षात आलं. 'कोर्टाडो'त कोर्ट होतं म्हणून टाळलं. 'पोर-ओव्हर' वाचून मात्र मी दचकलो. पोर हाताबाहेर गेलं हे आमच्या बंधुराजांचं म्हणणं यांनी फळ्यावर कशाला लिहावं? शेवटी तीच मागवली.

ती करताना पाहणं हा एक संस्कार होता. दाढीवाल्यानं सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर पंधरा ग्रॅम कॉफी तोलली, कागदाच्या नरसाळ्यात घातली आणि बगळ्याच्या मानेसारख्या चोचीच्या किटलीतून तिच्यावर थेंबाथेंबानं पाणी सोडू लागला. पाणीसुद्धा तोलून. अभिषेकाची संततधार मी इतक्या निष्ठेनं धरलेली पाहिली नाही. कॉफी चिकमगळूरची होती. बाबा बुदन नावाच्या सुफी साधूनं येमेनहून सात बिया लपवून आणून त्याच डोंगरात लावल्या अशी दंतकथा आहे. या कॉफीच्या पाकिटावर मळ्याचं नाव, मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, वाण आणि भाजल्याची तारीख असं सगळं होतं. उपवर मुलांच्या टिपणातही इतका तपशील कुणी देत नाही. "तुम्हाला संत्र्याची चव लागेल, सर," तो म्हणाला. लागली. पण संत्र्याची चव हवी असती तर मी संत्रं घेतलं असतं, हे त्याला सांगवेना. फार मनापासून पाहत होता.

कॉफी संपेपर्यंत मी समज देण्याच्या भाषणाची जुळवाजुळव केली. पण डोक्यात भलतंच येऊ लागलं. पाव, बिस्किटं आणि पाप या विषयात पुण्याची परंपरा मोठी आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि त्यानंतर चहा-बिस्किटं पुढं आली. हजर मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, आणि खोडीत कुणाला हार न जाणारे) यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात जे ग्रामण्य माजलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं. थोरामोठ्यांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपाला आणि एका बिस्किटाला! पाव तर बिस्किटाहूनही बाटलेला. पोर्तुगिजांना गोव्यात खमीर मिळेना तेव्हा त्यांनी माडाची ताडी घालून पीठ फुगवलं. म्हणजे परधर्माचा, परमुलखाचा आणि वर ताडीवर वाढलेला. पाच शतकं आपल्यात राहूनही तो पाहुणाच राहिला आहे. भाकरीवर आणि पोळीवर मराठीत हव्या तितक्या म्हणी; पावावरची एक मला आठवत नाही.

तर तेव्हा खाण्याच्या पदार्थाला विचारायचा प्रश्न एकच होता : कुणाच्या हातचं? तो प्रश्न आपण सोडला, निदान उघडपणे विचारायचं सोडलं, आणि त्या जागी दुसरा ठेवला : केवढ्याला? आमच्या बंधुराजांची अडचण तर आणखी मजेची. त्यांना पाव कुणाच्याही हातचा चालतो. आपल्या हातचा पाव दुसऱ्यानं खाल्लेला चालत नाही.

एवढ्यात पुतणी आली. कोपरापर्यंत पीठ, डोक्याला फडकं, आणि उजव्या हातावर मनगटाच्या वर भाजल्याच्या तीन आडव्या रेघा. एक जुनी, एक खपली धरलेली, एक ताजी.

"काका! बाबांनी पाठवलं ना?"

वकिलानं अशा प्रश्नाला थेट उत्तर द्यायचं नसतं. "हे काय झालं हाताला?" मी विचारलं.

"भट्टीची कड लागते. होतं ते," असं म्हणून ती मला आत घेऊन गेली.

आत विटा नव्हत्या, लोंबते दिवे नव्हते. ट्यूबलाइट, पोलादी टेबलं, आणि उन्हाळ्यात एसटीच्या बॉनेटशेजारी बसल्यावर लागते तशी धग. तिनं मला काचेच्या बरणीतलं विरजण दाखवलं. नुसतं पीठ आणि पाणी. हवेतली आणि पिठातली रानटी यीस्ट त्यात मुक्कामाला येते, आणि शिवाय दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद. त्यांना सकाळ-संध्याकाळ ताजं पीठ घालावं लागतं. "रविवार नाही, दिवाळी नाही. लहान मूल असल्यासारखं आहे," ती म्हणाली. दुपारी कणीक तिंबायची, मग दर अर्ध्या तासानं तिच्या घड्या घालायच्या, संध्याकाळी आकार द्यायचा, रात्रभर गारव्यात ठेवायची आणि पहाटे भट्टीत घालायची. पीठ भिजल्यापासून पाव हातात येईपर्यंत छत्तीस तासही लागतात. पावात पीठ, पाणी आणि मीठ, याखेरीज काही नाही.

"मग साडेतीनशे कशाचे?"

"तासांचे," ती म्हणाली.

उत्तर चांगलं होतं. मी भाषणातला पहिला मुद्दा गाळला. मग जरा आवाज खाली करून (पगार विचारताना तो करावाच लागतो) तिला काय मिळतं ते विचारलं. जुन्या पगाराचा तिसरा हिस्सासुद्धा नव्हता.

"म्हणजे तास तुझे आणि साडेतीनशे कुणाचे?"

"भाड्याचे काका, भाड्याचे," ती हसून म्हणाली. "कोरेगाव पार्क आहे हे. त्या विटांचं भाडं पाहा की."

मागच्या मोरीवर एक बाई पातेली घासत होती. तिला किती मिळतं हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण पुतणीचं हसू तेवढ्यात मावळलं, म्हणून ते मी गिळलं. तिलाही तो प्रश्न पडत असावा.

परत येताना मांडीवर पाव होता. कागदात गुंडाळलेला, अजून कोमट. मेट्रोत समोरची बाई वासानं दोनदा वळून पाहून गेली. आणि मी सवयीनं हिशेब करत होतो. आमच्या कोपऱ्यावर पावाची लादी तीस रुपयांना मिळते. तीही रात्रीच भाजतात. लहानपणी मला पहाटे पाव आणायला पाठवत तेव्हा त्या बेकरीत मैद्याच्या पोत्यांवर माणसं झोपलेली असत. परगावची, उघडी, अंगावर पिठाचा थर. गावाकडे बायकामुलं. त्यांच्या हातांवरही अशाच रेघा होत्या, हे मला त्या डब्यात आज पहिल्यांदा आठवलं. तीस रुपयांत मैदा आला, यीस्ट आलं, सरपण आलं, शेठजी आला, सायकलवर पाव टाकणारा पोरगा आला. मग रात्र कितीची बसली? पुतणीची रात्र महाग म्हणून आम्ही कुरकुरतो. त्यांची रात्र जवळजवळ फुकट, म्हणून वडापावाला गरिबाचं अन्न म्हणून कौतुक करतो. गरिबाचं अन्न गरिबालाच परवडावं इतकं स्वस्त ठेवायला आणखी एक गरीब लागतो, ही व्यवस्था कुणी लावून दिली मला माहीत नाही. पण माझी न्याहारी तिच्यावर चालत आली आहे.

आणि एक रात्र तर सपशेल फुकट होती. अनारशांचे तांदूळ आई तीन दिवस भिजत घालायची. रोज पाणी बदलायचं, मग निथळून, सुकवून, कुटून, गुळात मळून ते पीठ मुरत ठेवायचं. कुरडयांचे गहूही तीन दिवस. चौथ्या दिवशी पहाटे चारला उठून चीक शिजवायचा, कारण ऊन चढायच्या आत गच्चीवर घालून व्हायला हव्यात. आंबवणं, मुरवणं, विरजणं या क्रिया आमच्या घरात जितक्या नित्याच्या होत्या तितक्या त्या कोरेगाव पार्कात नसतील. छत्तीस तास काय घेऊन बसलात! फक्त त्यांच्यावर फळा नव्हता आणि आकडा नव्हता. दिवाळीच्या सकाळी आम्ही दोघं भाऊ नऊ-नऊ अनारसे हाणायचो, आणि दहावा तोंडात असताना बंधुराज म्हणायचे, "जाळी यंदा नीट पडली नाही." आई म्हणायची, "हो रे, तुपाचा अंदाज चुकला." किंमत सांगता येत नाही अशा वस्तूला आपण अमोल म्हणतो. बिल येत नाही त्या वस्तूलाही आपण तोच शब्द वापरतो.

यावरून साडेतीनशेचा पाव घेणं हे पुण्यकर्म ठरतं असं मला म्हणायचं नाही. रोज घेतला तर पेन्शन पंधरवड्यात आंबेल. शिवाय उघड्या विटांचं भाडं भरून जगात न्याय होतो असंही नाही; तो पैसा रात्रीपर्यंत पोचतच नाही, हे मी आताच पाहून आलो होतो. मला एवढंच वाटलं, की 'केवढ्याला?' हा प्रश्न 'कुणाच्या हातचं?' इतकाच अर्धवट आहे, आणि त्यावर ज्यांनी माझ्याशी वाद घातला त्यांनी आधी लादीपावाच्या तीस रुपयांची फोड करून दाखवावी. कट्ट्यावर एकानं प्रयत्न केला. मजुरीच्या रकान्याशी आला आणि म्हणाला, "चहा सांगू या."

बंधुराज दारातच उभे होते.

"दिलीस समज?"

"पाव आणलाय," मी म्हणालो.

पाव ताटात ठेवला गेला. सुरीनं कापेना, कवच लाकडासारखं होतं. मग भावजयीनं विळी काढली आणि नारळ फोडल्याच्या थाटात त्याच्या फोडी केल्या. आत मात्र मऊ, आणि सगळीकडे लहानमोठी जाळी. बंधुराजांनी एक फोड उजेडाकडे धरून पाहिली. जाळीचे ते जुने परीक्षक.

"केवढ्याला?"

मी सांगितलं. वीस टक्के कमी करायचंही सुचलं नाही. त्यांनी फोड पुन्हा ताटात ठेवली, मग उचलली, चहात बुडवली आणि बराच वेळ चावत बसले. भावजय मला म्हणाली, "हात कसा आहे तिचा? मला फोनवर काही नाही म्हणते." मी रेघांचं सांगितलं. तिनं आतून बर्नॉलची ट्यूब आणून माझ्या पिशवीत टाकली. म्हणजे पुन्हा जाणं आलं.

"उठते कधी ती?" बंधुराजांनी भिंतीकडे पाहत विचारलं.

"तीनला. चारला भट्टी लागते."

ते आणखी थोडं चावले.

"तीन वाजता रिक्षा मिळते का त्या बाजूला?"

"विचारतो."

"विचार," ते म्हणाले. "आणि पाव आंबट आहे म्हणून सांग."